बटाट्याला समुद्रशेवाळ घालावं का? दीड पोतं दारात येऊन पडलंय

पूर्णाकाठची | १९ मे, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

माझा धाकटा भाऊ रत्नागिरीकडं नोकरीला आहे. सुट्टीला आला तो आंब्याच्या दोन पेट्या अन दीड पोतं वाळलेलं समुद्रशेवाळ घेऊन. त्यानं कुठंतरी व्हिडिओ पाहिला की आयर्लंडात बटाट्याच्या खाली समुद्रातलं शेवाळ अंथरतात अन बटाटे मुठीएवढे येतात. मागच्या हिवाळ्यात माझे बटाटे गोट्याएवढे निघाले होते, ते त्यानं मनावर घेतलं. रेल्वेत शेजारच्या लोकांनी नाकाला रुमाल लावला म्हणे. आंब्याच्या पेट्या होत्या म्हणून निभावलं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पक्का खारपाण पट्टा, जमिनीखालचं पाणी खारट. घरामागं दोन-अडीच गुंठ्यांची वाडी आहे. माती काळी, पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल तिथंच राहते. बोअरचं पाणी असं की त्यात तुरीची डाळ शिजत नाही, डाळीसाठी नळाचं पाणी भरून ठेवावं लागतं. मागच्या वर्षी बाजारातून आणलेल्या बटाट्यांना मोड आले तेच लावले होते. चार सऱ्या, शेणखत घातलं, पाणी बोअरचंच.

आता हे शेवाळ सरीत टाकू का? थेट टाकू की कुजवून? पोतं सध्या गोठ्यात आहे आणि शेळी दावं तोडून ते चाटायला जाते.

कापूसकोंडा | १९ मे, रात्री १०:०५

ताई, इथं आपन खाऱ्या पान्यानं जन्माचे कावलो, अन तुम्ही समुद्रच घरी आनला बाप्पा! 😀

शेळी कायले चाटते याचा विचार करा पयले. मीठ हाये म्हनून चाटते ना.

रापण | २० मे, सकाळी ७:१५

मी मालवणकडचा. फोटो टाकलात तर बरं. तपकिरी रंग, कातरलेली पानं आणि मधेमधे वाटाण्याएवढे हवेचे फुगे असतील तर ते सरगॅसम. आमच्या खडकाळ किनाऱ्यावर हिवाळ्यात वाढतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सुटून किनाऱ्याला लागतं. भावानं वाहून आलेलंच उचललं असेल अशी आशा आहे. खडकावरचं खरवडून आणू नये, त्यात माशांची पिल्लं वाढतात.

दोन गोष्टी सांगतो. त्यात रेती आणि शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो, झटकून घ्या. दुसरं म्हणजे आमची गोष्ट वेगळी. आमची जांभ्याची माती आंबट, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. माडाच्या आळ्यात असलं काही टाकलं तर एका पावसाळ्यात मीठ धुवून जातं. तुमच्याकडे ते जाणार कुठे?

पूर्णाकाठची | २० मे, सकाळी ११:३०

फुगे आहेत. पोरं ते फट्फट् फोडत बसली आहेत. शिंपलेही निघाले वाटीभर.

मातीमास्तर | २० मे, दुपारी ४:५०

रापण यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. मी माती तपासण्याच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

समुद्रशेवाळ खत म्हणून चांगलंच आहे, त्यात वाद नाही. ओल्या शेवाळाची शेणखताशी तुलना केली तर नत्र (नायट्रोजन) साधारण तेवढंच, स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि पालाश (पोटॅश) जवळजवळ दुप्पट. लाकूडपणा नसल्यानं लवकर कुजतं, तणाचं बी सोबत येत नाही. बटाटा हे पालाशाचं भुकेलं पीक, म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांनी ही जोडी जमवली. पण कुठल्या जमिनीत? जिथे पालाश कमी, रेती जास्त आणि पाऊस भरपूर, तिथे.

आपली काळी माती पालाशाला गरीब नाही. आपल्याकडे कमतरता असते ती सेंद्रिय कर्बाची, नत्राची, कधी जस्ताची. म्हणजे शेवाळातली जी मुख्य वस्तू, तीच आपल्याकडे आधीपासून आहे. आणि जी वस्तू आपल्याला नको, सोडियम, ती त्याच्यासोबत फुकट येते.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. इथे सोडियम काय करतो? चिकणमातीचे कण एकमेकांना धरून असतात म्हणून माती दाणेदार राहते. सोडियम वाढला की ते कण सुटे होऊन पाण्यात पसरतात आणि बारीक छिद्रं बुजवतात. वर पाणी साचतं, खाली मुरत नाही, वाळलं की विटेसारखं कडक होतं. बटाट्याला त्या विटेत फुगायचं असतं. ताई, तुमच्या गोट्यांचं अर्धं उत्तर इथे आहे.

एक आकडा देतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे मातीच्या खारटपणाचं माप, १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की बटाट्याचं उत्पादन घटायला लागतं. कापसाला तीच मर्यादा ७.७ आहे. म्हणजे शेजारच्या वावरात पऱ्हाटी डोलते आहे यावरून वाडीत बटाटा येईल असं समजू नका. शिवाय मिठातल्या क्लोराइडनं बटाट्यातला स्टार्च कमी होतो. म्हणूनच बटाट्याला पालाश द्यायचा तर क्लोराइड असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश चांगलं मानतात.

तेव्हा वाळलेलं शेवाळ आहे तसं सरीत टाकू नका.

कापूसकोंडा | २० मे, संध्याकाळी ६:२०

मास्तर, शेळीनं हेच सांगतलं होतं, थोडक्यात.

डब्लिनकर | २१ मे, रात्री १:३५

मूळचा यवतमाळचा, आता आयर्लंडमध्ये. हा धागा पाहून राहवलं नाही.

पश्चिम किनाऱ्यावर आरन बेटं आहेत. नुसता चुनखडीचा कातळ, माती जवळजवळ नाहीच. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या रेती आणि समुद्रशेवाळ वाहून आणून, कातळावर थरावर थर देऊन माती तयार केली आणि त्यात बटाटे लावले. मी ती शेतं पाहिली आहेत. दगडी गडग्यांच्या आत खोलीएवढाले तुकडे. एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी टोपलीतलं शेवाळ पाठीवर वाहून न्यायचे, अंगावरून पाणी गळायचं. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी बेटावर त्याला ‘व्राक’ म्हणतात आणि तिथला जर्सी रॉयल बटाटा त्याच खतावर नावाजला.

पण मास्तर म्हणतात ते पटतं. इथे वर्षभर पाऊस रिपरिपत असतो, मे महिन्यातही स्वेटर घालून मी हे टाइप करतोय. शेवाळ शरद ऋतूत शेतात पसरतात आणि लावणी वसंतात, मधल्या चार-पाच महिन्यांच्या पावसात मीठ निघून जातं. तुमच्या भावाला व्हिडिओत हे चार-पाच महिने दिसले नसणार.

प्रगत_शेती_९९ | २१ मे, सकाळी ९:००

एवढा उपद्व्याप कशाला? बाजारात शेवाळाचा अर्क बाटलीत मिळतो. पंपाला अमुक मिली टाका आणि फवारा. आमच्याकडे संत्र्यावर मारतात, बहर धरतो. बटाट्यावर पण चालेल.

मातीमास्तर | २१ मे, सकाळी ११:१०

चालेल, पण ती वेगळी वस्तू आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं कप्पाफायकस या लाल शेवाळाचा रस काढायची पद्धत बसवली. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर बाया ते शेवाळ वाढवतात. रस फवारणीला आणि उरलेल्या चोथ्यातून कॅरॅजिनन, खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात ते. इफको या खत सहकारी संस्थेचं ‘सागरिका’ शेवाळाच्या अर्काचंच. अर्कात वाढीला चालना देणारी संप्रेरकं असतात, सायटोकायनिन, ऑक्झिन वगैरे. त्याला जैव-उत्तेजक म्हणतात. ते खत नव्हे. पोट भरत नाही, भूक वाढवतं म्हणा. जमिनीत काही नसेल तर भूक वाढवून काय करणार?

घ्यायचंच तर बाटलीवर नोंदणी पाहा. २०२१ पासून जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत.

कापूसकोंडा | २१ मे, दुपारी १:४५

या बाटलीवरून माही एक आठवन. तीन वर्साआधी एका दुकानदारानं मले ‘समुद्री टॉनिक’ म्हनून काळं पानी देल्लं, सहाशे रुपये लीटर. सोयाबीनवर मारलं. काई फरक नाई. घरी बाटली उघडी रायली तं मुंग्यायची रांग लागली. गुळाचं पानी होतं ते भौ! मुंग्याच खऱ्या लॅब.

आजीचं_परस | २१ मे, दुपारी ३:३०

पूर्णाकाठची ताई, राख घाला ना. चुलीची राख बटाट्याला चांगली, माझी सासू घालायची. पालाशच असतो त्यात.

मातीमास्तर | २१ मे, दुपारी ४:००

आंबट मातीत चांगली. आपली माती आधीच अल्कधर्मी, सामू (पीएच) आठच्या आसपास. राखेनं अजून चढेल आणि बटाट्याच्या सालीवर खवले धरतील. शिंपल्यांचा चुराही त्याच कारणानं झटकून टाका. सासूबाईंचं गाव कुठलं?

आजीचं_परस | २१ मे, दुपारी ४:२०

गडचिरोली, भाताची जमीन. आलं लक्षात 🙂

पूर्णाकाठची | २३ मे, रात्री ८:५५

तुम्हा सगळ्यांचं वाचून घरातल्या घरात एक प्रयोग केला.

शेवाळ दोन मुठी घेऊन एका मगात रात्रभर भिजवलं. सकाळी पाणी चहासारखं झालं होतं आणि शेवाळ तिप्पट फुगून बुळबुळीत. ते पाणी ओतून दुसरं घातलं, मग तिसरं. चार बशांत जुनं सुती धोतर फाडून घड्या घातल्या, प्रत्येकीवर मोजून २० मूग. एकीला नळाचं पाणी, दुसरीला बोअरचं, तिसरीला शेवाळाचं पहिलं धुवण, चौथीला तिसरं धुवण.

दोन दिवसांनी: नळाचं २०, बोअरचं १७, पहिलं धुवण २, तिसरं धुवण १५. पहिल्या धुवणातले जे दोन मोड आले त्यांची टोकं तपकिरी, जणू विडीनं चटका दिला. बोअरच्या बशीतले मोड नळाच्या अर्ध्या लांबीचे.

मी बशा मांडून बसले अन सासरे आले, म्हणे ही बोअरची बशी पाहून मागच्या वर्षीचे बटाटे आठवले.

मातीमास्तर | २३ मे, रात्री ९:३०

उत्तम! प्रयोगशाळेत याहून वेगळं काही करत नाहीत.

आता पुढची मेख. धुताना मिठासोबत पालाशही निघून जातो, तोही पाण्यात विरघळणारा. म्हणजे ज्याच्यासाठी भावानं पोतं आणलं तेच आपण धुवून टाकणार. उरेल ते सेंद्रिय पदार्थ, थोडी सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि तो बुळबुळीतपणा, अल्जिनेट. आपल्या मातीला त्यातला सेंद्रिय पदार्थ हवाच आहे. पण त्याच कामाला तुमच्या गावात शेणखत, कुटार, पालापाचोळा फुकट पडून आहे हे विसरू नका.

आणि पाणी विकत घेऊन मे महिन्यात धुऊ नका. पाऊस येऊ द्या.

बोडीवाला | २४ मे, सकाळी ६:४०

भंडारा जिल्ह्यातून. आमच्याकडं समुद्र नाई जी, पन मालगुजारी तलाव हायेत अन त्यात जलकुंभी माजलेली. तलाव साफ करताना काठावर ढीग लागतात. आमी ती चार-पाच दिवस सुकवून शेणासोबत खड्ड्यात कुजवतो, दिवाळीनंतर वांगी-बटाट्याला देतो. जलकुंभीत पण पालाश भरपूर असते, अन मीठ नसते. फक्त फुलं यायच्या आधी काढा अन मुळासकट पूर्ण सुकवा, नाई तं खड्ड्यातही तरारते. गावच्या सांडपान्याच्या तलावातली घेऊ नका, नको ते सगळं ओढून घेते ती.

रत्नागिरीहून पोतं आनन्यापरीस हे बरं नाई का?

कापूसकोंडा | २४ मे, सकाळी ७:०५

दर्यापुरात तलाव कुठी हाये भौ. नावात दर्या हाये तेवढाच.

पूर्णाकाठची | १२ जुलै

पाऊस आला. शेवाळ जुन्या बाजेवर शेडनेट टाकून पसरलं, खाली उतार करून पाणी बाहेरच्या नालीला काढलं. वाडीत थेंब जाऊ दिला नाही. पहिल्या दोन सरींचं पाणी गढूळ तपकिरी, आता जवळजवळ स्वच्छ. वास गेला. कुत्रं एकदा त्यात लोळून आलं, त्याचा वास मात्र दोन दिवस गेला नाही.

काल परत मुगाची बशी लावली आहे.

पूर्णाकाठची | १४ जुलै

२० पैकी १९. आता हरभऱ्याचं कुटार, शेण आणि शेवाळ थरानं रचते आहे.

रापण | १४ जुलै

एक विनंती, ढीग झाकून ठेवा. नाहीतर अर्धं बुळबुळ होऊन वाहून जाईल. आमच्याकडे असंच होतं.

डब्लिनकर | ३ सप्टेंबर

ढिगाचं काय झालं? मी इथे दर आठवड्याला धागा उघडून पाहतो, बायको म्हणते स्वतःच्या बाल्कनीतल्या कुंडीकडे एवढं लक्ष दे.

पूर्णाकाठची | ४ सप्टेंबर

पोळ्याच्या गडबडीत लिहायचं राहिलं. ढीग बसून निम्मा झाला. शेवाळ ओळखू येत नाही, फक्त ते फुगे तेवढे शाबूत, मण्यांसारखे. माती काढून पाहिली तर गांडुळं आहेत.

दुसरी बातमी मोठी आहे. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला दोन हजार लिटरची टाकी बसवली. मुगाच्या बशीनं सासऱ्यांना पटवलं. बटाट्याला या वर्षी बोअरचं पाणी शक्यतो द्यायचं नाही असं ठरवलं आहे. शेवट-शेवट पुरलं नाही तर बघू.

बेणं कुठलं घेऊ?

मातीमास्तर | ४ सप्टेंबर

बाजारचा बटाटा नको, त्यात रोग लपलेले असतात. कुफरी पुखराज किंवा कुफरी लवकर मिळालं तर पाहा. ‘लवकर’ ही जात दख्खनच्या पठारासाठीच काढलेली आहे. आणि घाई करू नका. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली उतरल्याशिवाय बटाटा नीट धरत नाही, नुसता पाला माजतो. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास.

सरी नको, उंच वरंबा करा. एका फुटाचा. मुळं वर राहतील, पाणी साचणार नाही.

पूर्णाकाठची | ९ नोव्हेंबर

लावले. कुफरी पुखराज मिळालं, तालुक्याच्या गावाहून दहा किलो आणलं, उरलेलं जावेला दिलं.

चार वरंबे, प्रत्येकी १८ बटाटे, वीतभर अंतरानं. दोन वरंब्यांना शेवाळाच्या ढिगातलं खत प्रत्येकी चार घमेली, दोनांना साधं शेणखत चार घमेली. बाकी सगळं सारखं. खुणेसाठी शेवाळवाल्यांच्या डोक्यावर शिंपले रोवले आहेत.

प्रगत_शेती_९९ | ९ नोव्हेंबर

बाटली फवारणार का?

पूर्णाकाठची | ९ नोव्हेंबर

नाही हो. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशानं काय झालं कळणार नाही.

पूर्णाकाठची | १६ डिसेंबर

भर लावली. पाला कमरेपर्यंत नाही पण गुडघ्याच्या वर आहे, चारही वरंब्यांवर सारखाच. खरं सांगते, शिंपले काढले तर कुठला कुठला ते मला ओळखता येणार नाही. एक फरक आहे. खुरपं शेवाळवाल्या वरंब्यात सहज जातं, माती पापुद्र्यानं सुटते. शेणखतवाल्यात जरा ढेकळं निघतात. हा भास आहे का म्हणून डोळे बांधून जावेकडून पण खुरपवून घेतलं. तिनं दोन्ही वेळा बरोबर सांगितलं.

आजीचं_परस | १६ डिसेंबर

जावेचे डोळे बांधले! तुमच्या घरी राहायला येऊ का?

पूर्णाकाठची | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१५

काढणी झाली. टाकीचं पाणी जानेवारीच्या मध्यात संपलं, मग तीन वेळा बोअरचं दिलं. शेवटचे दहा दिवस पाणी बंद.

वजनं, काट्यावर:
शेवाळ, पहिला वरंबा ५.६ किलो, दुसरा ६.१
शेणखत, पहिला ५.९, दुसरा ५.२

मागच्या वर्षी चारही सऱ्यांचे मिळून साडेसात किलो निघाले होते, तेही गोट्या. या वर्षी सर्वांत मोठा २१० ग्रॅम, आणि तो शेणखतवाल्या वरंब्यातला निघाला! भावाला अजून सांगितलेलं नाही. खवले चारही ठिकाणी थोडेथोडे आहेत. शेवाळवाले बटाटे मात्र स्वच्छ निघाले, माती हातानं झटकली की गेली. शेणखतवाल्यांना घासावं लागलं.

संध्याकाळी दोन्हीकडचे उकडून मीठ न लावता सगळ्यांना खायला दिले. सासऱ्यांनी दोन्ही खाल्ले आणि म्हणाले, रस्सा कर.

मातीमास्तर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

चार वरंब्यांवर एवढ्या फरकाला फरक म्हणता येत नाही. दोन शेणखतवाल्यांत आपसात ०.७ चा फरक आहे, दोन्ही गटांच्या सरासरीत त्याहून कमी. वजन वाढलं ते गोड्या पाण्यानं, चांगल्या बेण्यानं आणि वरंब्यानं. भुसभुशीतपणा मात्र मला खरा वाटतो, जावेच्या साक्षीमुळे. पुढे काही करायचं तर उन्हाळ्यात माती तपासून घ्या. सोडियम जास्त निघाला तर पावसाळ्याच्या तोंडावर जिप्सम आणि मग ढैंचा, हे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून गाडा. अर्धा फूट माती सुधारली तरी बटाट्याला पुरे.

बोडीवाला | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

मस्त जी. इकडून कोनी तिकडं येनार असंल तं जलकुंभीचं खत एक पोतं पाठवतो. तिसरे दोन वरंबे त्याचे करा.

डब्लिनकर | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

ताई, २१० ग्रॅमवाल्याचा फोटो टाका. इथे ऑफिसात दाखवायचा आहे.

पूर्णाकाठची | १२ फेब्रुवारी, रात्री ८:१०

त्याचा रस्सा झाला कालच. सालीचा फोटो टाकू का? 😀

आणि भावाचा आत्ताच फोन येऊन गेला. विचारतोय, मे महिन्यात येताना या वेळी किती पोती आणू.

कापूसकोंडा | १२ फेब्रुवारी, रात्री ८:१२

आंब्याच्याच चार पेट्या आन म्हना त्याले.